पार पडलेली परीक्षा आणि कुलूपबंद ग्रंथालय

करोनाच्या साथीत विद्यापीठे बंद होती, असे आपण आता सहज म्हणून जातो. मार्च २०२० पासून पुढची जवळजवळ दोन वर्षे वर्ग भरले नाहीत, किंवा अधूनमधून भरले, एवढ्यापुरते ते खरेही आहे. परंतु त्या काळातील शासननिर्णय, परिपत्रके आणि न्यायालयाचे निवाडे ओळीने लावून पाहिले, तर विद्यापीठ नावाची यंत्रणा स्वस्थ बसलेली दिसत नाही. समित्या नेमल्या जात होत्या, वेळापत्रके बदलत होती, कुलगुरूंच्या बैठका दूरदृश्य पद्धतीने होत होत्या. विद्यापीठाने बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेतले की नाही, हा प्रश्न म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. जुळवून घेतलेच. विचारायचे ते हे, की जुळवून घेताना त्याने काय सांभाळले आणि काय वाऱ्यावर सोडले?

घराला आग लागली म्हणजे माणूस आधी काय उचलतो, ह्यावरून त्याच्या लेखी मोलाचे काय ते कळते. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आधी उचलली ती परीक्षा. ग्रंथालय त्यांना आठवले ते फार उशिरा. साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या निवडीकडे आता नीट पाहिले पाहिजे, असे मला वाटते. त्या वर्षांत पदवी घेतलेले विद्यार्थी आज शाळा-महाविद्यालयांत शिकवू लागले आहेत, आणि तात्पुरत्या म्हणून स्वीकारलेल्या काही सवयी आता धोरणाचे रूप घेत आहेत.

हा विचार मी मुद्दाम नळदुर्गच्या बाजूने करू इच्छितो. महामारीतील उच्च शिक्षणाची आपल्याकडील चर्चा बहुतांशी पुण्या-मुंबईच्या खिडकीतून झाली. नळदुर्ग हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. बोरी नदीवरील धरणाच्या पोटात बांधलेला पाणीमहाल पाहायला लोक येथे येतात. गावात वरिष्ठ महाविद्यालय आहे आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. विद्यापीठाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे अडीचशे किलोमीटरांहून दूर. धाराशिवचा उपपरिसर त्या मानाने जवळ. सोलापूरही जवळ आणि तेथे २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ. पण जिल्हा वेगळा, म्हणून विद्यापीठही वेगळे. २०२० च्या उन्हाळ्यात तर जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागत असे. दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी नेहमी सोलापूरकडे पाहणाऱ्या ह्या पट्ट्याला तेव्हा आपली सीमा प्रथमच इतकी बोचली असेल.

अंतराचा हा मुद्दा मराठवाड्याला नवा नाही. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, त्याआधी येथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. विद्यापीठ आपल्या माणसांच्या जवळ यावे, ही त्या स्थापनेमागची भावना होती. पुढे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, आणि ज्यांना शिक्षणापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले त्यांच्या जवळ जाण्याचे वचनही त्या नावाबरोबर विद्यापीठाने स्वीकारले. महामारीने ह्या जवळिकीचीच कसोटी घेतली.

एक योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. १० ते १२ जानेवारी २०२० ह्या तीन दिवसांत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, भरले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. दुष्काळी जिल्ह्याने संमेलन नेटके पार पाडले, ह्याचे कौतुक झाले, ग्रंथप्रदर्शनही भरले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, २५ मार्चला, देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. ज्या जिल्ह्यात जानेवारीत पुस्तकांभोवती माणसे जमली, तेथील साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या हाती एप्रिलमध्ये क्रमिक पुस्तकही असेल ह्याची खात्री नव्हती. वसतिगृहातून किंवा भाड्याच्या खोलीतून घाईघाईने घरी गेलेला विद्यार्थी पुस्तके बरोबर नेतोच असे नाही. आणि ग्रामीण महाविद्यालयातील बहुतेकांची पुस्तके मुळात ग्रंथालयाची असतात. ती कपाटात राहिली.

कपाटाला कुलूप लागले असता उपाय म्हणून पुढे आले ते ऑनलाइन अध्यापन. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती, आणि संगणक होता तो ४.४ टक्के कुटुंबांकडे. पुढच्या दोन वर्षांत स्वस्त डेटामुळे चित्र काहीसे पालटले असले, तरी घरातला एकच स्मार्टफोन वडील शेतावर किंवा कामावर घेऊन गेले म्हणजे तासाला कोण बसणार, हा प्रश्न तसाच राहिला. त्यातही दोन भावंडे शिकत असतील, तर फोन आधी मुलाच्या हाती जाणार की मुलीच्या, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता परीक्षेकडे वळू. २९ एप्रिल २०२० रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत मूल्यमापन आणि मागील सत्राचे गुण धरून पुढे पाठवण्याची वाट त्यांनी मोकळी केली. अंतिम वर्षाचे काय, ह्यावर मात मात्र पुढचे चार महिने गेले. राज्य शासनाने जूनमध्ये ह्या परीक्षा न घेण्याचे ठरवले. ६ जुलैला आयोगाने सुधारित सूचना काढून त्या सप्टेंबरअखेरपर्यंत घेणे बंधनकारक केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्टला निकाल लागला : राज्याला मुदत वाढवून मागता येईल, पण परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये राज्यभर परीक्षांची एकच घाई उडाली. बहुतेक अकृषी विद्यापीठांनी तासाभराच्या बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेचा मार्ग पत्करला.

त्याच ऑक्टोबरच्या मध्याला सोलापूर-उस्मानाबाद पट्ट्यात अतिवृष्टी झाली. काढणीला आलेले आणि काढून ठेवलेले सोयाबीन पाण्यात गेले, जमिनी खरवडून निघाल्या. मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षांचे नेते पाहणीला येऊन गेले; त्यांत तुळजापूर तालुक्यातील गावेही होती. परीक्षेचा महिना आणि पुराचा महिना एकच. भिजलेल्या गंजीशेजारी उभे राहून मोबाइलला रेंज शोधणे ही गोष्ट ह्या तालुक्यात काही अतिशयोक्ती ठरू नये.

न्यायालयाच्या निर्णयावर येथे टीका करायची नाही. परीक्षेवाचून मिळालेल्या पदवीला पुढे कुणी विचारले नसते आणि त्याची झळ नळदुर्गच्या मुलाला पुण्याच्या मुलापेक्षा अधिक लागली असती, हा युक्तिवाद गैर नव्हता. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेचाही त्या घटकेपुरता बचाव करता येईल : संसर्गाची भीती, उत्तरपत्रिका तपासण्याची अडचण, निकालाची निकड. माझा आक्षेप वेगळा आहे. साहित्याचा पेपर आणि लेखाकर्माचा पेपर ह्यांत काही प्रकृतिभेद आहे, ह्याची जाणीव त्या घाईत कुणी बोलूनही दाखवली नाही. ना विद्यापीठाने, ना अभ्यास मंडळांनी, ना आपण अध्यापकांनी.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ घ्या. ह्या ग्रंथात प्लेगच्या दिवसांचे वर्णन येते. साथीच्या काळात तो शिकवायला ह्याहून समर्पक पुस्तक मराठीत क्वचितच सापडेल. त्यावर बहुपर्यायी प्रश्न काय निघणार? ग्रंथाची लेखिका कोण, वाङ्मयप्रकार कोणता, पहिला भाग कोणत्या साली प्रसिद्ध झाला. चार पर्याय, एक बरोबर. परंतु लक्ष्मीबाईंचा विनोद दुःखाच्या ऐन मध्यावर कसा उगवतो, स्वतःच्या फजितीविषयी लिहिताना त्या पतीकडे कोणत्या अंतरावरून पाहतात, धर्मांतरासारखी उलथापालथ घरगुती भाषेत सांगितल्याने तिचे वजन वाढते की घटते, ह्यांपैकी एकाही प्रश्नाला चार पर्याय देता येत नाहीत. साहित्यातला महत्त्वाचा प्रश्न असतोच असा, की त्याचे उत्तर लिहिता लिहिता लिहिणाऱ्याला सापडते. उत्तर लिहिणे ही ज्ञान मोजण्याची पद्धत आहेच, शिवाय साहित्याच्या अभ्यासात ती ज्ञान घडण्याची जागाही आहे. ती जागाच काढून घेतली, तर परीक्षा उरते आणि विषय जातो.

अर्थात आपल्या जुन्या वर्णनात्मक परीक्षेचेही गोडवे गाण्याचे कारण नाही. गाइडमधली उत्तरे पाठ करून तीन तास उतरवून काढणे, हे स्वरूप महामारीच्या आधीपासूनच रूढ होते. बहुपर्यायी प्रश्नपत्रिका आपल्याला इतक्या सहज रुचली, ह्याचे कारणही कदाचित तेच असेल. आधीच पोकळ झालेले झाड वाऱ्याने पाडले, तर दोष एकट्या वाऱ्याला कसा द्यावा?

मग दुसरे काय करता आले असते? मला वाटते, सर्व विद्याशाखांमध्ये साहित्य हीच अशी शाखा होती, की जिला नेटवर्कची गरज सर्वांत कमी होती. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा हवी, वैद्यकाला रुग्ण हवा. साहित्याला पुस्तक हवे आणि त्याविषयी बोलायला दुसरा माणूस. पुस्तक टपालाने जाऊ शकते. टपाल अत्यावश्यक सेवेत होते आणि टाळेबंदीतही चालू राहिले. बोलणे साध्या बटणांच्या फोनवरूनही होते. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत असे धरू. प्रत्येकाशी पंधरा मिनिटे फोनवर एका पुस्तकाविषयी बोलायचे म्हटले, तर दहा तास लागतात. रोज दोन तास दिले तर पाच दिवस. पाच दिवसांत घेता आली असती अशी ही मौखिक परीक्षा, आणि तिच्यात कॉपी करणे दुरापास्त. घरी बसून, पुस्तक समोर ठेवून, आठवड्याच्या अवधीत लिहायचा निबंध हा दुसरा मार्ग. पुस्तक समोर असताना जो चांगले लिहितो, तोच खरा वाचक. हे मार्ग अंतिम वर्षाच्या हजारो विद्यार्थ्यांना सरसकट लावणे सोपे नव्हते, हे मान्य. पण एखाद्या विद्याशाखेने ते मागितले तरी असते.

दूर असलेल्या विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकवण्याची कला महाराष्ट्राला अपरिचित होती असेही नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. शिक्षक समोर नाही, हे गृहीत धरून लिहिलेली त्याची स्वयंअध्ययनाची पुस्तके घराघरांत गेली. गृहिणी, पोलीस शिपाई, कामगार त्यांवर शिकून पदवीधर झाले. हा तीन दशकांचा अनुभव हाताशी असताना पारंपरिक विद्यापीठांनी जुळवून घेण्याचा अर्थ लावला तो एवढाच, की फळ्यासमोरचे व्याख्यान कॅमेऱ्यासमोर द्यायचे. व्याख्यान पडद्यावर गेले. पुस्तक विद्यार्थ्याच्या घरी गेले नाही.

आणि ग्रंथालय? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या भाषेत त्याला ज्ञानस्रोत केंद्र असे भारदस्त नाव आहे. राज्यात ग्रंथालये उघडण्यास परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून. मद्याची दुकाने त्याच वर्षीच्या मे महिन्यात उघडली होती. महसुलाचे गणित आपण समजू शकतो, त्याबद्दल रोष करण्यात अर्थ नाही. पण त्या साडेपाच महिन्यांत ग्रंथालये आधी उघडा, खिडकीतून पुस्तके द्या, परत आलेली चार दिवस बाजूला ठेवा, अशी मागणी घेऊन विद्यापीठांनी जोर लावला आहे, असे चित्र दिसले नाही. परीक्षेसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ग्रंथालयासाठी ते तालुक्याच्या कचेरीपर्यंतही गेले नाही.

त्या दिवसांत न्यूटनची गोष्ट फार सांगितली गेली. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद झाले, न्यूटन वूल्सथॉर्पला घरी गेला आणि तेथे त्याला पुढच्या शोधांची बीजे सापडली. गोष्ट खरी आहे. तिचा उपदेश मात्र खोटा आहे. न्यूटन आपल्या वह्या-पुस्तकांसह आईच्या शेतीवाडीच्या घरी गेला होता, आणि त्याला रोजगाराला जायचे नव्हते. तुळजापूर तालुक्यातला विद्यार्थी घरी गेला तो शेतावर, मजुरीला, किंवा ज्याचे दुकान बंद पडले अशा बापाच्या चिंतेत. एकांत मिळाला की प्रतिभा फुलते, हे खाऊनपिऊन सुखी माणसांचे तत्त्वज्ञान आहे.

सगळेच चित्र काळे होते असे मात्र म्हणता येत नाही, आणि ह्याचा दाखला नळदुर्गपासून फार दूर नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव येथील उपपरिसरात २०२० साली करोना चाचणीची प्रयोगशाळा उभी राहिली. जिल्ह्यातले घशाचे नमुने तपासणीसाठी परजिल्ह्यात पाठवून अहवालाची वाट पाहावी लागे, तेव्हा विद्यापीठाने आपले विज्ञान लोकांच्या उपयोगी लावले. मला ह्या घटनेचे महत्त्व फार वाटते. आपल्यापाशी असे काय आहे, की ज्याची आज ह्या जिल्ह्याला गरज आहे, असा प्रश्न तेथील विज्ञान विभागाने स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर दिले.

हा प्रश्न साहित्य विभागांनी स्वतःला विचारला असता तर? आपलीही एक प्रयोगशाळा असते. माणसांचे बोलणे टिपणे, त्याचा अन्वय लावणे, ते जपून ठेवणे, हे आपले काम. मराठवाड्यातली गावे त्या वर्षी कथनांनी भरून गेली होती. पुण्या-मुंबईहून आणि हैदराबादहून परतलेल्या माणसांना वेशीवर अडवले गेले, शाळेच्या खोल्यांत चौदा दिवस ठेवले गेले. अंत्यसंस्काराला चार माणसे मिळेनाशी झाली. ऑक्टोबरातले तुळजापूरचे नवरात्र भाविकांवाचून गेले. प्रत्येक विद्यार्थी आपल्या गावात, ह्या सगळ्याच्या मध्यभागी बसलेला होता. त्याला एवढेच सांगायचे होते : आजीला विचार, शेजाऱ्याला विचार, परतून आलेल्या चुलत्याला विचार आणि त्यांच्या बोलीत, त्यांच्या शब्दांत लिहून काढ. क्षेत्रकार्य म्हणून, प्रकल्प म्हणून, परीक्षेऐवजी म्हणून, कोणत्याही नावाने. असे शे-दोनशे दस्तऐवज एका उपपरिसरात जमा झाले असते, तर लोकसाहित्याच्या, बोलींच्या, समाजेतिहासाच्या अभ्यासकांना ते पिढ्यान्‌पिढ्या पुरले असते. लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या म्हणून प्लेगचे घरगुती रूप आपल्याला कळते. आपल्या साथीचे घरगुती रूप आपण कुणाच्या भरवशावर सोडले?

ह्यावर एक न्याय्य आक्षेप येईल. अध्यापकही माणसेच होती. कित्येक आजारी पडले, काही गेले. शिवाय महाविद्यालयांचे बरेच काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर चालते. तास झाला तर मानधन, ही त्यांची अट. वर्गच भरले नाहीत तेव्हा त्यांच्या हाती काय आले असेल? ज्याला स्वतःच्या घरचे रेशन भरण्याची विवंचना आहे, त्याच्याकडून नव्या अध्यापनपद्धतीची अपेक्षा करणे हा क्रूरपणाच. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे; किंबहुना तो माझ्या म्हणण्याला बळकटीच देतो. अध्यापकाला तासांच्या संख्येत मोजणारी आणि विद्यार्थ्याला गुणांच्या संख्येत मोजणारी व्यवस्था एकच आहे. विद्यार्थ्याशी बोलणे, त्याचा निबंध वाचून त्यावर दोन ओळी लिहिणे, ह्यांचा तिच्या हिशेबात तास धरला जात नाही. त्यामुळे संकटकाळी जे सर्वांत आवश्यक होते, तेच सर्वांत बिनपगारी ठरले.

पुढे काय झाले, तेही पाहू. महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ ला निम्म्या उपस्थितीने उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली, २० ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा मिटली. २०२२ च्या उन्हाळ्यात लेखी परीक्षा परत आल्या, तेव्हा विद्यार्थ्यांचा लिहिण्याचा सराव मोडला आहे म्हणून तासामागे पंधरा मिनिटे वाढवून देण्यात आली. विद्यार्थ्यांचा हात चालत नाही, ह्याची ती अधिकृत कबुली होती. हाताबरोबर आणखी काय थांबले होते, ह्याची मोजणी करण्याच्या फंदात मात्र कुणी पडले नाही. दरम्यान मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने संमिश्र अध्ययनाचा मसुदा मांडून अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना पुढे आणली. अडचणीतून काढलेली पळवाट अशी हळूहळू राजमार्ग होऊ लागते. नळदुर्गसारख्या ठिकाणी ह्या राजमार्गाचा शेवट रिक्त पदे न भरण्याच्या सबबीत होईल, ही भीती निराधार नाही. पडद्यावर तज्ज्ञ आहेच, मग गावात अध्यापक कशाला, असे विचारणारे आज ना उद्या भेटतीलच.

म्हणून मला काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक अभ्यास मंडळाने आपल्या विषयापुरती आपत्काळाची योजना आजच लिहून ठेवावी, आणि साहित्याच्या योजनेत बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेला स्थान असू नये. कोणत्याही बंदमध्ये ग्रंथालयाची देवघेवीची खिडकी सर्वांत शेवटी मिटावी आणि सर्वांत आधी उघडावी, असा नियम विद्या परिषदेने करावा. प्रत्येक वर्षी साहित्याच्या एका तरी पेपरचे मूल्यमापन संवादाने किंवा पुस्तक समोर ठेवून लिहिलेल्या निबंधाने व्हावे. सुकाळात ज्याचा सराव नाही, ते दुष्काळात जमत नसते. आणि आजही वेळ गेलेली नाही : २०२० ते २०२२ च्या गावोगावच्या आठवणी अजून माणसांच्या तोंडी आहेत. एखाद्या वर्गाने एका सत्रात त्या टिपायला घ्याव्यात. वयोवृद्ध साक्षीदार दरवर्षी कमी होत जाणार आहेत.

हे सारे करायला संभाजीनगरच्या किंवा दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही. एक अध्यापक, पंधरा-वीस विद्यार्थी आणि एक कपाटभर पुस्तके एवढ्यावर ते होते. कपाटाची किल्ली कुणापाशी आहे, एवढे मात्र आधी ठरलेले असावे.